वायरिंग मी बघितलंय

नाही नाही, पेट्रोल वाढवायचं नाही. सगळे तेच करतात — गाडी उभ्या जागी थरथरायला लागली, काटा वर-खाली नाचायला लागला की उघड लॅपटॉप, कर आकडे इकडचे तिकडे. बसा त्या स्टुलावर. पडद्यावर हे बघा, ट्रिगर एरर. गाडी आत्ता चालू केली आणि आकडा चढतोय की नाही? म्हणजे काय — सांगते. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, दातेरी चाक असतं, त्यातला एक दात मुद्दाम गाळलेला. समोरचा हा एवढासा सेन्सर दाते मोजतो, गाळलेली जागा आली की इंजिन कुठं आहे ते कळतं, आणि मग ठिणगी. आता मोजणाराच चुकायला लागला तर बाकीचं कितीही निस्तरा, काय उपयोग? — अहो, ही गाडी फाटकातून आत आली तेव्हाच ओळखली मी. रंग बदललात तुम्ही, पण आवाज कसा बदलणार? मीच ट्यून केलीय ही. बाबांच्या गॅरेजात. इंजिन माझ्या धाकट्या भावानं बांधलं, बारक्यानं, आणि वायरिंग-ट्यूनिंग माझं.

घाटातल्या शर्यतीसाठी बांधली होती. आदल्या दिवशी अशी चालत होती, काय सांगू — बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर हलू नये! आणि सकाळी बघते तर ही अशी. आचके, खोकला. मी म्हटलं, बारक्या, गाडी अशी एका रात्रीत बदलत नाही, सेन्सरची तार बघूया. तर तो म्हणाला, वायरिंग मी बघितलंय ताई, ठीक आहे, तुझा मॅपच बघ, लॅपटॉपमधले ते पेट्रोल-ठिणगीचे आकडे. बघितलं म्हणाला ना! मग मी कशाला बघू? दुसऱ्या कुणावर ठेवला नसता विश्वास. बसले आकडे बदलत, घामाघूम, आणि बाबा मागे उभे. अर्ध्या घाटात बंद पडली. बाबा त्या शर्यतीनंतर गॅरेज माझ्या हाती देणार होते — मला आणि बारक्याला, दोघांनाही ठाऊक होतं. परत येताना एवढंच म्हणाले, हिच्या भरवशावर धंदा चालायचा नाही. गॅरेज बारक्याला मिळालं. आणि मी रडत होते तेव्हा पाठीवर हात कुणाचा? त्याचाच. बाबा गेले ते तेच मनात घेऊन. मलाही वाटत राहिलं, माझंच चुकलं असणार — जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं. तो टायमिंग लाइट द्या इकडे.

बघितलंत, या लाइटच्या उजेडात चाकावरची खूण एका जागी दिसायला हवी, पण ती थांबत नाही. पडद्यावर एक, इंजिनावर भलतंच. दाते ठीक आहेत. सेन्सरचं अंतर ठीक. सेन्सरच्या तारेचा हा प्लगही मीच बसवलेला, कुणी हात लावलेला नाही. मग राहिली तार. हे आवरण — थांबा. ही टेप माझी नाही. मी टेप लावतच नाही इथं.

पांढरी काळीला जोडलीय. काळी पांढरीला.

नाही हो, चुकून कसं होईल? चुकायचं तर माणूस प्लगपाशी चुकतं. इथं आवरण सोलून, आत तारा कापून, उलट्या जोडून, वरून पुन्हा झाकलंय. सेन्सर जोडलेला दिसतो, गाडी चालूही होते, पण दात मोजताना गोंधळ. आणि टेपचं हे टोक बघा, आत दुमडलंय, धरून ओढता यावं म्हणून. आमच्याकडे एकच जण असं करायचा. ताई, तुझी नखं तुटतात गं उघडताना, म्हणायचा. माझ्यासाठी म्हणून लागलेली सवय ती — आणि हे करतानाही हातानं तेच केलं!

पाणी नको मला. सोल्डर तापू दे. … झालं. घाईत भरलेले ते आकडे काढून माझा आधीचा मॅप टाकते. मारा स्टार्टर. ऐका — ऐकताय? एरर शून्यावरच आहे. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी वर्षानुवर्षं स्वतःला —

तुम्हाला माझा पत्ता कुणी दिला हो? गाडी विकणाऱ्यानं? म्हणजे बारक्यानंच? काय म्हणाला, नीट आठवून सांगा. माझ्या बहिणीकडे न्या … तिला सापडेल? सापडेल म्हणाला? दुरुस्त करेल असं नाही — सापडेल?

म्हणजे तोंडावर सांगायची छाती झाली नाही, म्हणून गिऱ्हाईक पाठवलं. मला सापडेल म्हणे! मला सापडून काय करू मी? बाबांना कुठं जाऊन दाखवू ही तार? ते होते तोवर हा गप्प बसला, आणि आता मन हलकं करायला माझ्या दारात गाडी लावतोय.

न्या गाडी. छान चालेल आता. त्यानं विचारलं तर सांगा — नको. काही सांगू नका. सापडलं की नाही, त्याला कळता कामा नये. तुम्ही निघा आता. सरका, शटर ओढायचंय मला.