डावा हात

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेतलाय. मास्तरानं शिकवलं, टाचणातलं, म्हणजे पाठाच्या आराखड्यातलं सगळं संपवलं – पण पोराला कळलंच नाही. मग शिकवणं झालं की नाही? मागची मंडळी माना हलवताहेत. कळलं म्हणून, की डुलकी लागली म्हणून?

तालुक्याच्या गावी एक अध्यापक विद्यालय. तिथं रोहिणी खैरमोडे शिक्षिका व्हायला शिकत होती. गेल्या वर्षी वार्षिक पाठात, म्हणजे परीक्षकासमोर वर्ग शिकवून दाखवण्यात, नापास झालेली. यंदाही नापास झाली, तर सासरचे म्हणणार, पुरे आता, घरी बैस. म्हणून तिनं काय केलं? चौथीच्या वर्गाला आदल्या दिवशी पाठ बसवूनच टाकला. "ज्याला येतं त्यानं उजवा हात, येत नाही त्यानं डावा. वर मात्र सगळ्यांनी करायचा. मी उजव्यालाच विचारीन." काय डोकं बघा!

दुसऱ्या दिवशी परीक्षक बर्डेसाहेब मागच्या बाकावर. पाठ अपूर्णांकांचा. रोहिणीनं विचारलं, "तिसरा भाग मोठा की चौथा?" झाडून सगळे हात वर! साहेब खूश. पण सगुणा नावाची मुलगी, तिचा हात डावा, आणि ती तो सारखा हलवतेय. रोहिणीनं नजर चुकवली. पोरगी हात खाली घेईना. रोहिणीच्या मनात आलं, हिला कळून घ्यायचंय, आणि मी हिला साहेबांपासून लपवतेय!

"सगुणा, तू बोल."

"बाई, माझा डावा आहे." वर्ग फिसकन हसला.

"असू दे. बोल."

"तीनपेक्षा चार मोठे ना? मग चौथा भाग मोठा का नाही?"

रोहिणी उजव्या हातवाल्या मधूकडे वळली. "तू सांग हिला."

मधू म्हणाला, "तुम्हीच काल सांगितलंत, तिसरा म्हणायचं."

संपलं! साहेबांनी चष्मा काढला. रोहिणीला रडू फुटायचं बाकी होतं. पण तिनं स्वतःचा रंगीत तक्ता उतरवला – ज्या तक्त्याला वेगळे मार्क होते तो – आणि फाडून दोन सारख्या पट्ट्या केल्या. एकीचे घड्या घालून तीन सारखे भाग सगुणाला करायला लावले, दुसरीचे चार मधूला. दोघांनी एकेक भाग शेजारी धरला.

"अय्या! वाटेकरी वाढले की वाटा बारीक होतो!" सगुणा म्हणाली.

घंटा झाली. निम्मं टाचण तसंच राहिलं. साहेब म्हणाले, "पाठ अपुरा आहे. मार्क कापावे लागतील."

"कापा सर. पण उद्या मला या वर्गावर येऊ द्या. बाकीच्यांनाही कळलेलं नाही."

...काय म्हणता? पास झाली का? झाली हो, काठावर. पण बघा मंडळी, तुमच्यातल्या पुढच्या रांगेतल्या चौघांनी विचारलं, पास झाली का. उरलेल्या मुलांना अपूर्णांक कळले का, हे एकानंही विचारलं नाही. घरी पोरगं शाळेतून आलं की आपण असंच पहिलं मार्क विचारतो. उद्या जवळ बसवा त्याला. विचारा, बाळा, तुला काय कळलं नाही? आणि ते सांगेल तेव्हा रागावू नका.