कोरलेल्या फोटोची तक्रार

"हॅलो?… कोन?… हो, हो, मीच. धम्मशीला… रोहिणखेडवरून बोलून राह्यली. हाव, मोताळा तालुका… थांबा हं, बाहेर येते. घरात आवाज कटते."

घरात आवाज कटत नव्हता. पण घरात सासू होती. जनकाबाईचे डोळे काचबिंदूनं गेले तसे तिचे कान दुप्पट झाले होते, आणि ही तक्रार नेमकी त्याच कानांपासून लपवायची होती. धम्मशीला परातीतलं पीठ अर्धवट मळलेलं सोडून, दोन बोटांत फोन धरून अंगणात आली आणि धुण्याच्या दगडाजवळ उभी राहिली.

"हं, बोला बाई… हाव, तक्रार आमचीच. फोटोची. लाकडावर कोरलेला… माझ्या पोरीनं मागवला होता मोबाईलवर, सारिकानं. ती शेगावले लॉजवर काउंटरले असते… तक्रारीचा नंबर? तो नाई पाठ मले. नाव सांगू का? पंजाबराव… माझे मिस्टर… नाई बाई, ते नाई बोलू शकत. त्यांचाच फोटो हाये तो."

पलीकडची मुलगी गडबडीनं "सॉरी, मॅडम" म्हणाली.

"असू द्या. तुम्हाले काय माहीत."

पंजाबराव जाऊन साल झालं होतं. भिंतीवर त्यांचा फोटो होता, काचेचा, चांगला मोठा. येणारा-जाणारा बघायचा आणि हळहळायचा. जनकाबाई मात्र रोज सकाळी भिंत चाचपत तिथवर जायची, काचेवरून हात फिरवायची आणि "गार लागते" म्हणून परत यायची. आईला लेकाच्या जागी नुसती काच लागते, हे सारिकाला बघवलं नाही. तिनं मोबाईलवर शोधून शोधून हे काढलं: लाकडावर खोल कोरतात, नाक, कान, दाढी-मिशी सगळं हाताला लागतं.

"उशिरा काऊन कळवलं? ते सांगतलं न मी मांगच्या बाईले… पुन्हा सांगू?… अवो, पार्सल आलं तसं ठेवलं होतं आम्ही. बंद… नाई, विसरलो नाई. पुण्यानुमोदन होतं सालाचं. सासूबाई म्हने, भन्तेजीच्या हातानं उघडू, चार लोकांसमोर. मानसाले घरी आनून राह्यलो, असं कोपऱ्यात बसून कैचीनं फाडाचं का?… तोपर्यंत तुमची मुदत गेली… हाव, चुकलंच. ते पार्सल हाये, हे कोनाच्या ध्यानातच नाई राह्यलं."

"व्हिडिओ? तो पाठवला न… पाह्यला तुम्ही? सगळा?… हाव, लांब हाये तो. आधी त्रिशरण-पंचशील हाये. उघडन्याचं शेवटी येते… नाई, तेवढंच कापून पाठवाचं सारिकाच्या मनात होतं. मीच म्हनलं, राहू दे. तेही बसतीन थोडा वेळ शांत."

त्या व्हिडिओत पुढं काय होतं ते धम्मशीलाला न बघता दिसायचं. भन्तेजींनी कागद सोडला, थर्माकोल काढला आणि त्यांचा हात तसाच थांबला. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत पंजाबरावांचा चेहरा चिरला होता. समाजमंदिरात बसलेली सगळी माणसं गप्प. "काऊन गप झाले सारे?" जनकाबाईनं विचारलं. धम्मशीलानं सगळ्यांकडं डोळे वटारले, तेव्हा कोणीतरी म्हणालं, "लय हुबेहूब हाये आजी, म्हनून." तेव्हापासून तो फोटो जनकाबाईच्या हाताला पोचणार नाही इतका उंच लावला होता. रंग ओला आहे, असं तिला सांगितलं होतं. इतके दिवस ओला राहणारा रंग कुठल्या दुकानात मिळतो, हे म्हातारीनं अजून विचारलं नव्हतं.

"काय म्हनता?… मंजूर झाली?… खरंच का, बाई?"

धम्मशीला दगडावर बसली.

"नाई, रडत नाई मी. बोला… नवीन नाई देत, पैसे परत. चालते की. त्यातच दुसरा बनवून घेऊ… मुकाट्यानं हा काढू, तो लावू. घरात लपवून लपवून जीव गेला माझा… मंग हा न्याले मानूस कधी पाठवता?… नाई नेत?… म्हनजे आमच्याकडंच राहीन? मंग तर… हं. बोला."

ती ऐकत राहिली. बोटांवरचं पीठ वाळत होतं, ते ती अंगठ्यानं खरवडत होती.

"तोडाचा?… पुरा?… दोन तुकडे. बरं… आनं मोबाईलवर त्याचा फोटो काढून पाठवाचा, त्यात चेहरा दिसला पायजे. तुटलेला… हो, हो, ऐकून राह्यली मी."

"पन काऊन?… आम्ही दुसऱ्याले इकू म्हनून?… अवो, आमच्या मानसाचं तोंड कोन इकत घेईन?"

"नाई, चिडली नाई. तुम्ही तरी काय करान, तुमच्यासमोर तसं लिहूनच असन… मार्कर? तेही चालते?… तोंडावर फुली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत… जाड… हं. समजलं."

"बाई, तुमचं नाव काय म्हनलं?… प्रेरणा. प्रेरणा, तुमचे वडील हायेत?… जाऊ द्या, नका सांगू. रेकॉर्ड होत असन."

पंजाबराव असते तर हसले असते. गंडादोरा, उतारा, नजर यातलं काही न मानणारा माणूस. "लाकूड हाये ते, फोड न," असंच म्हणाले असते, आणि कुऱ्हाडही स्वतःच काढून दिली असती. धम्मशीलाला ते इतकं स्पष्ट ऐकू आलं की ती उठलीच. फुली नको. फुली मारायला त्यांच्याकडं बघावं लागेल. एका घावात काय ते होऊन जाऊ द्यावं.

"हॅलो, प्रेरणा… करते मी. आत्ताच. नंतर माझ्यानं व्हनार नाई… फोन चालू ठेवा तेवढा. कोनी सोबत असलं म्हनजे हात उचलते."

न्हाणीच्या मागून तिनं कुऱ्हाड घेतली आणि आत गेली. वर खिळा होता. फोटो नव्हता.

जनकाबाई बाजेवर बसली होती. फोटो मांडीवर. शेजारच्या रुखमाबाईनं काढून दिला असणार. ती आत्ता धम्मशीलाच्या हातातली कुऱ्हाड बघून मागच्या दारातून लगबगीनं बाहेर पडली.

"हॅलो… हाव, हाये मी… नाई, नाई केलं अजून… एक मिनिट. फोन नका ठेवू. बोलू पन नका."

म्हातारीची बोटं कपाळावर होती. भुवयांवर आली. नाकावरून उतरली, मिशीवर जरा रेंगाळली, डाव्या गालाकडं वळली आणि चिरेत गेली. धम्मशीलानं कुऱ्हाड दाराआड टेकवली. बोट चिरेतून सावकाश खाली आलं, हनुवटीपर्यंत. पुन्हा वर गेलं. जनकाबाई काहीतरी पुटपुटली.

"काय म्हनता, आत्याबाई?… कोनती खूण?… दाढीखाली? मले कधी नाई दिसली… हाव, दाढी तर लग्नातही होती."

धम्मशीला उंबऱ्यावर बसली. मग फोन तोंडाजवळ घेऊन हळू आवाजात म्हणाली,

"प्रेरणा, ऐकता न?… सासूबाई म्हनतात, पोरगा लहानपनी बोरीवरून पडला होता, काट्याच्या कुपावर. गाल फाटला होता. खूण राह्यली लांब. मंग दाढी आली, तिच्यात दिसेनाशी झाली. कोनालेच माहीत नव्हती, एका आईशिवाय… म्हनतात, कोरनाऱ्यानं बरोबर कोरली."

म्हातारी खरंच फसली होती, की समाजमंदिरातल्या त्या शांततेतच तिला सगळं कळलं होतं आणि आता ती सुनेला सोडवत होती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. धम्मशीलानं विचारलं नाही.

"हॅलो… हाव, हाये मी… नाई. तोडत नाई… फुली पन नाई… पैसे राहू द्या. बंद करा तक्रार… समजून राह्यलं मले, पुन्हा नाई उघडता येनार. हो, हो… रेकॉर्डवर सांगते, मीच बंद करून राह्यली. कोनी जबरदस्ती नाई केली."

"कारन?… तुमच्याकडं काय काय लिहेल हाये, वाचा बरं… विचार बदलला. नाई… वस्तू हरवली. नाई बाई, वस्तू नाई हरवली… दुसरं?… आपल्या मनानं सांगता येते? मंग लिहा, वस्तू वापरात हाये… हाव. फुटलेलीच. वापरात हाये… नाई, अजून काही मदत नको. तुम्ही लय थांबल्या माझ्यासाठी. ठेवते, बेटा."

तिनं फोन ठेवला. बाजेवर सासूच्या शेजारी जाऊन बसली, हात पदराला पुसला आणि बोट पुढं केलं.

"कुठं हाये खूण, आत्याबाई? मले दाखवा."