टोक काढलेल्या तीन गोळ्या

बंदुकीच्या चांगल्या गोल तोंडाच्या तीन गोळ्या मी कानशीने घासून टोकदार केल्या, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा शहाणपणा. लिहा हो, आधी हेच लिहा, जन्म कुठला नि लग्न कधी ते मागून येऊ दे. जन्म मांडवीचा. बाप गलबतावर खलाशी, शिडं शिवायचा. सुई जितकी टोकदार तितकी कापडात लवकर जाते एवढं ज्ञान त्याच्याकडून घेतलं, आणि तेवढ्याच भांडवलावर पालीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या गावात सून म्हणून आले. वय एकोणीस, अक्कल नऊ वर्षांची, नाक मात्र घरात सगळ्यांच्या वर.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. घरधनी मुंबईला कारखान्यात, घरात मी, मोठी जाऊ नि मामंजी, म्हणजे सासरे. मामंजींकडे ठासणीची बंदूक होती. परवाना पिकाच्या राखणीचा. परवान्यात पीक राखा असं लिहिलं होतं, भेकर खा असं नव्हतं, पण तेव्हा कोण वाचत होतं? भेकर म्हणजे लहान हरीण हो, कुत्र्यासारखं भुंकतं नि पावट्याच्या कोवळ्या शेंगा आपल्याआधी खातं.

गोळ्या घरीच ओतायच्या. माहेरून येताना मी जाळ्याला लावतात ती जुनी शिशाची वजनं आणायची, चुलीवर लोखंडी पळीत पातळ करायची नि साच्यात ओतायची. ते काम माझं. मग मामंजी एकेक गोळी पाटावरून लोटून बघायचे. सरळ गडगडत गेली तर बटव्यात, लडबडली, म्हणजे डुगडुगत वाकडी गेली, तर परत पळीत. गोळी लांबट, पण तोंड सुपारीसारखं गोल. मी एकदा विचारलं, मामंजी, टोक का नाय काढत, आत लवकर घुसंल ना? तर म्हणाले, अगो, टोक घासताना एका अंगाला शिसं जास्त ऱ्हातं, मग ती वाकडी जाते. आणि टोकाची गोळी भोक पाडून निघून जाते नि जनावर रानभर हिंडून मरतं. गोल तोंडाची आत धक्का देते, जिथल्या तिथं बसवते. मारायचं तर एका बारात, नायतर बंदूक खुंटीवर बरी. मी हो म्हटलं नि मनात म्हटलं, म्हाताऱ्याला शिडाची सुई ठाऊक नाही.

आता माझं खरं दुखणं काय होतं ते सांगते. शिकार आली की अंगणात वाटे पडायचे, नाव घेऊन. बार टाकला त्याला मुंडी नि मांडी, हाकारे घालणाऱ्यांना सारखे वाटे, आणि वाघ्या कुत्र्याचा वाटा, तोही नाव घेऊन! बायकांच्या नावाने काही नाही, बायकांनी फक्त वाटण वाटायचं. मी जावेला म्हटलं, गोळ्या मी ओतते नि वाटा त्या वाघ्याला? जाऊ म्हणाली, तू पण भुंक, बघ देतात का. ते मला फार लागलं. म्हटलं, अशी गोळी करते की भर अंगणात माझं नाव घ्यायला लागेल.

मामंजींना दोन दिवस ताप होता, डोळ्यांवर झापड. बटवा माझ्या हाती दिला, सूनबाय, तीन गोळ्या बघून घाल म्हणाले. बघून! मी तिन्हींना टोकं काढली. पाटावर एक लोटली तर ती लडबडत खाली पडली. मी काय केलं? पाट उचलून भिंतीला लावून ठेवला. दोष पाटाचा!

सकाळी माणसं रानात गेली नि मी मागल्या दारी वाटण वाटायला बसले, कांदा, खोबरं, सगळं भाजून. जनावर यायच्या आधीच वाटण, बघा माझा भरवसा. बार ऐकू आला. आणि मग ओरडणं. भुंकणं नव्हे, तान्ह्या पोरासारखं. थांबेच ना. काय सांगू तुम्हाला, मी काय केलं? मी हसले हो. जावेला म्हटलं, ऐक, माझी गोळी बोलत्येय. जाऊ उठून घरात गेली. ते ओरडणं एकदा ओढ्याकडे, एकदा वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, परत ओढ्याकडे. पाट्यावरचं वाटण वाळून गेलं तरी चाललंच होतं.

मागून कळलं, गोळी ढुंगणातून पोटात तिरपी गेली होती. दुसरा बार भरायला मामंजींनी बटव्यात हात घातला, बोटाला टोक लागलं, गोळी बघितली नि परत ठेवून दिली. तापाच्या अंगाने रक्तामागून चालत गेले नि कोयत्याने संपवलं. मादी होती. दूध गळत होतं.

आता त्या बंदुकीला कोण विचारतो, ती कधीच चौकीत जमा झाली. साचा आहे, नातू त्यात मेणाच्या गोळ्या करतो. गोल तोंडाच्या. मी बसून बघते नि पावट्याच्या शेंगा सोलते, कुणी खाल्ल्या तरी हाकलत नाही.

तर त्या दिवशी अंगणात वाटे पडले. मामंजींनी उरलेल्या दोन गोळ्या सगळ्यांदेखत पाटावरून लोटल्या. दोन्ही लडबडून माझ्या पायाशी आल्या. मला वाटलं, आता शिव्या, आता माहेरी पाठवणार. त्यांनी नाव घेतलं, माझं, वाघ्याच्याही आधी. केळीच्या पानावर मुंडी ठेवून माझ्यापुढे सरकवली नि जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहा:

घे गो, तुझ्या नावचा वाटा. डोळे तेवढे तू मीट, माझ्याच्यान नाय मिटले.