प्रार्थनेच्या साखळीतलं नाव

हॅलो?… हो, मीच. सलाम, पाळकबाई.

नाही, शिवत नव्हते. मशीन आज बंदच आहे… उठल्यापासून सुईत दोराच जाईना.

रविवारी? चर्चमध्ये सगळ्यांपुढं साक्ष?… नाही हो, मला नाही जमायचं… अहो, ऐका ना… मान्य, दुकान परत मिळालं. जाऊबाईंनी कुलूप बदलून मला बाहेर काढलं होतं, आता किल्ली माझ्या कमरेला आहे. पण विजय, विजय काय लावलंय? अर्धं अंग गेलंय जाऊबाईंचं. तोंडातून लाळ गळते, ती मी पुसते.

…मग कोण करणार? दीर तर कधीच गेले, पोटी मूल नाही. भांडण झालं म्हणून जाऊ मेली का माझी?

हो, हो… मीच मागितलं होतं. नाही कशाला म्हणू? तुम्ही म्हणालात, बायबलच्या वचनात जिथं वैरी येतो तिथं तिचं नाव घाल आणि मोठ्यानं म्हण. घातलं. देवा, हिला माझ्यापुढं टिकू देऊ नकोस… दातओठ खाऊन म्हणायचे. मला वाटलं, फार तर चार लोकांत नाक कापलं जाईल, किल्ली आणून टाकतील. हे असं नव्हतं हो मागितलं!

म्हणून म्हणते, ती प्रार्थनेची साखळी थांबवा… अजून चालूच आहे ना? प्रत्येक बाई आपापल्या वेळेला त्यांचं नाव घेतेच आहे ना?… पूर्ण विजय मिळेपर्यंत? अहो, आता मरायच्याच राहिल्यात त्या!

…नाही, घाबरले नाही.

…बरं, घाबरलेय. झालं समाधान?

कशाला म्हणजे… बाई, त्या दिवसभर पुटपुटतात. जीभ जड झालीय, मला वाटायचं पाणी मागतायत. पाणी पाजायचे, उशी सरकवायचे, तरी पुटपुटणं चालूच. काल दूध पाजताना कान तोंडाशी नेला… वचन म्हणत होत्या. हो, तेच. अडखळत, पण शब्द न् शब्द. आणि वैऱ्याच्या जागी माझं नाव.

…माझं, बाई! चमचा हातात तसाच राहिला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

हॅलो?… आहात ना?

एक विचारते, खरं सांगा. नाव घालायची ही रीत तुमचीच ना? मी तरी दुसऱ्या कुठल्या चर्चच्या मंडळीत ऐकली नाही. मग त्यांना कुणी शिकवली?

…कधी?

…माझ्या आधी?

म्हणजे… थांबा, थांबा. सकाळच्या बायका त्यांच्यासाठी आणि संध्याकाळच्या माझ्यासाठी?… दोघी विश्वासणाऱ्या, कुणाला नाही म्हणू, म्हणता?… वा! देवाला काय आमच्या भांडणातला पंच नेमलात?… नाही, ओरडत नाहीये मी. एवढंच सांगा, आत्ता, या घटकेला, कुणाचं नाव चाललंय?

…

माझं. बरं.

काढा. सगळ्यांना फोन लावा, आत्ताच्या आत्ता… हो हो, माझंही काढा, पण आधी त्यांचं… कळतंय मला मी काय बोलतेय. त्यांच्यात आता आणखी सोसायचं बळ नाही. माझं मी बघेन.

…थांबा जरा. आतून आवाज येतोय.

माझं नाव घेतायत.

…नाही ना, पुढचं नाही कळत. हाक मारतायत, की… नुसतं नावच ऐकू येतंय हो.

…नको, तुम्ही नका थांबू फोनवर. जाते मी. पाणी हवं असेल तरी जायला हवं, आणि ते दुसरं म्हणत असल्या तरी. ठेवते.