पेन्सिल खोडण्याचा नियम

—नाही नाही, तो ढीग राहू द्या, तो नाकारलेला आहे. नाकारलेला म्हणजे वाईट नव्हे हो, सगळी भली माणसं आहेत, पण आपल्या कामाची नाहीत. बसा ना. ती खुर्ची डुगडुगते, ही घ्या — उद्यापासून तशीही तुमचीच. कुठवर आलो होतो आपण? हां, फुकट. तर फुकट या शब्दाला भुलायचं नाही, हे पहिलं. इंटरनेटवर धर्माची पुस्तकं पोत्यानं पडलीत, कोणीही उचलावीत. पण आपली मुलं उद्या पाळक होणार. इथे जे वाचतील तेच रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगणार, आणि समोर शंभर माणसं मान डोलावणार. तुम्ही आधी कुठे होतात, इंजिनिअरिंगला ना? तिथे पुस्तक चुकलं तर पूल पडतो, लगेच कळतं. इथे चुकलं तर कोणाला काही कळत नाही, हीच अडचण. म्हणून आपल्या ऑनलाइन ग्रंथालयाच्या यादीत पुस्तक घेण्याआधी मी चार गोष्टी बघते — चार की पाच, मोजल्या नाहीत कधी. आधी हे बघायचं की देणाऱ्याला द्यायचा हक्क आहे का. लेखक जाऊन पुरेशी वर्षं झालेली असली की प्रश्न मिटला, मग कोणालाच विचारावं लागत नाही. आमच्या धंद्यात लेखक जितका जुना वारलेला तितका सोयीचा. हसा, हसा, मीही हसायचे यावर.

मग पानं बघायची. एकेक पान, हो, सगळी. कंटाळा करायचा नाही. मागे एक मोठं भाष्य आलं, चांगलं, नावाजलेलं, आणि मी घाईत पहिली दहा पानं बघून घेतलं यादीत. एका पानावर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आला होता. वाक्य होतं, देव माणसाला विसरणार नाही. अंगठा नेमका ‘नाही’वर. एका मुलानं निबंधात जसंच्या तसं उतरवलं — देव माणसाला विसरणार. पूर्णविराम. वर दोन पानं त्याचं विवेचनही केलं! यांनी तो निबंध घरी आणून मला वाचून दाखवला होता, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते. हे म्हणजे आमचे हे — इथेच शिकवायचे, खालच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या वर्गात. पाळकानं लोकांच्या घरी जाऊन कसं वागायचं, तो विषय. चार महिने झाले त्यांना जाऊन. नाही, असू दे, तुम्हाला कुठून माहीत असणार. असू दे म्हटलं ना. पाणी हवं का तुम्हाला?

तर पुढचं — फाईल लहान हवी. शिकून गेलेला मुलगा कुठल्या तरी कोपऱ्यात एकटा असतो, हातात एक मोबाईल, नेटवर्क असलं तर असलं. त्याला रात्री निरोप येतो की अमक्याच्या घरी माणूस गेलंय, या. तो काय उघडणार? हजार पानांचं ईश्वरविज्ञान? त्याला चार पानं हवी असतात — आत शिरल्यावर बसायचं कुठे, बोलायचं काय. असं पुस्तक शोधून सापडत नाही हो. मोठमोठे ग्रंथ आहेत, देवाचं स्वरूप, पापाचा उगम, सगळं आहे, पण दारात चपला काढल्यावर पहिलं वाक्य कोणतं, ते कोणी लिहीत नाही.

हं? ते? ते ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं? ठेवा, ठेवा खाली. नाही, बघा, हरकत नाही. तेच आहे ते. ‘शोकघरातला पाळक’, एकशे बारा पानं. यांचंच. एवढं एकच लिहिलं आयुष्यात. तीनशे प्रती निघाल्या होत्या, प्रुफं मी तपासली, त्यामुळे मला ते पानवार पाठ आहे. म्हणजे वाईट सवयच झाली ती. हे गेले तेव्हा त्यांचे विद्यार्थी यायचे भेटायला, आता सगळे पाळक झालेले, कोणाला टक्कल पडलंय — येऊन सोफ्यावर बसायचे आणि बोलायचे, आणि मी मनात म्हणायची, पान अठरा. पान तेवीस. मी पाणी आणायला उठले तर एकानं हात धरून बसवलं — पान एकवीस, घरच्या माणसाला पाहुणचारासाठी उठू देऊ नये. बसले मग. बसून काय करायचं ते पुस्तकात नाही. वाईट नाही वाटलं. काहीच वाटलं नाही, खरं सांगते. वाटत असेल आत कुठेतरी, माझ्यापर्यंत पोचत नाही. तेराव्या की चौदाव्या दिवशी कामावर आले आणि ही यादी पुढे घेतली.

तर यांचं पुस्तक यादीत घ्यायला हवं, हे प्राचार्यांचंच म्हणणं. पण हे तर कालपरवा गेलेले, म्हणजे वारसाची लेखी परवानगी लागते. वारस मी. परवानगी मागणारी ग्रंथपाल, तीही मी. अर्जात ‘देणार’ आणि ‘घेणार’ अशा दोन सह्या असतात, दोन्हीकडे मी. मी मला विनंती केली, मी मला होकार दिला. मग कपाटातून काढली तर ग्रंथालयाच्या प्रतीला कसर लागलेली, मधली सोळा पानं जाळी झालीत. म्हणून घरून यांची स्वतःची आणली. हीच.

आता स्कॅनच्या आधी काय करायचं ते लिहून घ्या. पेन्सिल खोडायची, शाई राहू द्यायची. शाईला हात लावला तर कागद जातो. पेन्सिल मात्र सगळी काढायची, नाहीतर स्कॅनमध्ये धूळ आल्यासारखं दिसतं. पुस्तक आडवं फिरवून घ्यायचं, रबर शिवणीपासून बाहेर, एकाच दिशेनं — मागेपुढे केलंत तर पान चुरगळतं. आणि वाचायचं नाही. हे मला माझ्या वरच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खोडताना वाचत बसलीस तर एक पुस्तक महिनाभर पुरेल. पुस्तक आडवं असलं की वाचता येतही नाही. अक्षर दिसतं, शब्द दिसत नाही. मला वाटलं, वर्गातल्या नोंदी असणार, इतकी वर्षं याच प्रतीवरून शिकवायचे. दुपारपर्यंत चौसष्ट पानं झाली. हात चांगला आहे माझा, बघा ना, उजेडात धरून बघा, कोण म्हणेल इथे काही होतं?

मग डबा खायचा म्हणून पुस्तक सरळ केलं. पासष्टाव्या पानावर लिहिलं होतं — इथे मी फार बोललो. एवढंच, समासात. मला वाटलं वर्गात फार बोलले असतील. सदुसष्टवर छापलंय, पाळकाने म्हणावे की प्रभूने आपले फूल आपल्या बागेत नेले. शेजारी पेन्सिलनं — हे म्हणू नये. मी चार घरांत म्हटलं. कोणी मारलं नाही मला, हे त्यांचे उपकार.

तेव्हा कळलं. आजारपणातलं होतं ते. शेवटचे सात-आठ महिने घरी असायचे, मी इथे. संध्याकाळी विचारायची, दिवसभर काय केलंत? म्हणायचे, जुनं सुधारतोय. मी म्हणायची, आता कशाला सुधारायचं, पडून राहा. भाजी चिरता चिरता म्हणायची, त्यांच्याकडे बघतही नव्हते. पुस्तक पुन्हा लिहीत होते हो ते. छापलेल्या प्रत्येक सल्ल्याशेजारी, आता मरण दारात बसलेलं असताना काय वाटतं, ते. प्रार्थना लांबवू नये, माणूस थकलेला असतो. देवाची बाजू घेऊन भांडू नये, तो आपलं बघून घेईल. असं. मी सगळं वाचलं, शेवटपर्यंत, भात तसाच राहिला. आणि अठ्ठ्याऐंशीवर आलं — याबद्दल पान बावन्नवर सविस्तर लिहिलं आहे.

बावन्न.

उघडा तुम्हीच. प्रकरण बघा कोणतं आहे — ‘पतीच्या निधनानंतर पत्नीची भेट’. एकोणपन्नास ते साठ. बारा पानं. त्या बारा पानांना मला सगळ्यात जास्त वेळ लागला होता, ते आठवतंय. वर, खाली, दोन ओळींच्या मध्ये, सगळीकडे लिहिलं होतं. मी वैतागले होते. काय हे, म्हटलं, पुस्तकाची पार वाट लावली. रबराचा भुगा ओंजळभर निघाला, तो मी हातानं गोळा करून त्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. खोलीतला झाडू नीट आहे तो, त्या दाराआड.

दिव्याखाली तिरकं धरून पाहिलं, होय, ते सगळं केलं. वळ उमटलेले असतात कधीकधी. यांचा हात हलका. प्राचार्यांना विचारलं, ते म्हणाले, देवाची इच्छा. पान तेहतीस.

नाही, एक राहिलंय. ते तुम्हाला दिसलंच असतं, म्हणून सांगते. बावन्नवरच, मधोमध. पेन्सिल हाताशी नसेल त्या दिवशी, बॉलपेननं केलंय. छापलेलं वाक्य आहे — तिला काही वेळ एकटीला बसू द्यावे, उत्तरे मागू नयेत. त्यातल्या ‘ति’वर काट मारलीय आणि वर ‘हि’ लिहिलंय. हिला काही वेळ एकटीला बसू द्यावे. बस. एवढंच. हे लोकांसमोर मला कायम ‘हिला’च म्हणायचे. हिला विचारा, हिला माहीत असेल. अठ्ठावीस वर्षं. मला राग यायचा, मला नाव आहे म्हणायची. तर त्या बारा पानांत एवढं एक अक्षर शिल्लक आहे. बाकी माझ्याबद्दल लोकांना काय सांगून ठेवलं होतं, मला काय सांगून ठेवलं होतं, कोण जाणे. मी खोडलं. स्वच्छ खोडलं.

तर हा प्रश्न आहे बघा, यादी आज जायची आहे आणि सगळ्या यादीत हे एकच अडलंय. नियमानं उरलेली अठ्ठेचाळीस पानंही खोडायला हवीत. खोडली तर मुलं पुन्हा फुलं आणि बागा घेऊन लोकांच्या घरी जाणार. नाही खोडली तर पहिल्या चौसष्ट पानांबद्दल यांना काही म्हणायचंच नव्हतं असं होतं. तेही खोटं. आणि घ्यायचंच नाही, घरी न्यायचं, माझं माझ्याकडे ठेवायचं — हेही मनात येऊन गेलं. तीन दिवस येत होतं. पण तो कोपऱ्यातला मुलगा आहे ना, मोबाईलवाला. त्याला कोण सांगणार, कोणी मारलं नाही म्हणून?

सकाळी भरलंय मी. हे बघा. ‘निवड’ या रकान्यात होय. स्कॅन आहे तसं करायचं, पासष्टपासून पुढे रबर लावायचा नाही. आणि शेऱ्यात लिहिलंय — नको, मोठ्यानं वाचू नका, मला माहीत आहे काय लिहिलंय ते. पान १ ते ६४वरील लेखकाच्या नोंदी ग्रंथपालाने न वाचता खोडल्या आहेत. नाही, ‘चुकून’ नाही घालायचं. चुकून नव्हतं, नियमानं केलं. जगभर जिथे जिथे कोणी ते उघडेल तिथे पहिल्या पानाआधी तेवढं दिसेल. दिसू दे.

किल्ल्या या. मोठी मुख्य दाराची, ती जरा उचलून फिरवावी लागते. पासवर्ड त्या चिठ्ठीवर. अजून काही? नाही, मला सोडायला कोणी नको, मी जाईन. आत्ता नाही, थोड्या वेळानं. तुम्ही जेवून या ना, दोन वाजलेत. नका, बोलू नका काही. तेवढं दार ओढून घ्या.