नुसता गूळ

कळंबच्या थांब्यावर मंचरची एसटी काही येईना, तशी शालननं शेजारच्या बाकाकडं कान लावला. ग्रामपंचायतीची मेंबर चिमाबाई रत्नाला सांगत होती.

"आमचं मालक म्हणले, मीटिंगला जा, सही कर आन् ये. म्हटलं, आदी नकाशा तर बघू द्या."

"कळला का?"

"चारशे बंगले. मधी निळं व्हतं. बिल्डर म्हणला, पव्हायचा तलाव."

"पाणी कुठलं?"

"आपल्या नळाचं."

"चौथ्या दिवशी दोन हंडे येतंय, त्या नळाचं?"

"त्याच. मी सही केली न्हाई, तर सांजच्याला त्यो बिल्डर घरीच आला. वट्यावर बसवला, हातावर गूळ ठिवला."

"आन् पाणी?"

"म्हटलं, नळ परवा येणार हाय. तवर एवढा खडा पाण्याबिगर खाऊन दावा, लगीच सही करते."

"पावण्याला नुसता गूळ? मालक काय म्हणले?"

"मान खाली घालून तंबाकू मळत बसले."

"खाल्ला का त्यानं?"

"निम्मा. मग असा ठसका लागला, डोळं पांढरं झालं."

"मग गं?"

"मग काय, माझ्या वाटणीचं तांब्याभर पाणी दिलं. माणूसच हाय ना त्यो."

"आन् सही?"

"ती न्हाई दिली."