मल्लूची बाटली

हसू नका, पण त्या क्रूझवर मी एकटा गेलो होतो का न्हाय, हे मला अजून सांगता येत न्हाय.

बुकिंग दोघांचं होतं, माझं आन माझ्या दोस्ताचं, मल्लूचं. निघायच्या महिनाभर आधी मल्लू वारला. त्याची बायको म्हणाली, "भावजी, तुमी जावा. ही वाइन त्यांनी जहाजासाठीच आणली होती, तेवढी न्या." शेंगाची चटणी पण देत होती, कारण त्याशिवाय मल्लू कधी पेला उचलायचा न्हाय. म्हटलं, "वहिनी, तितं घरचं खाणं चालत न्हाय." चटणी तिच्याकडंच ठेवली आन माझी एक, त्याची एक, अशा दोन बाटल्या घेऊन मुंबई गाठली.

बंदरावर नियम, माणशी एकच बाटली. मल्लूची आता जाणार, असं धरूनच चाललो. तपासणाऱ्यानं बॅग उघडली, माझ्याकडं बघितलं, मग माझ्या शेजारी बघितलं.

"दोघांच्या दोन. बरोबर आहे, जा."

मला वाटलं, माणूस लई भला हाय.

वर बारमध्ये ड्रिंक पॅकेज मागितलं, एकदा पैसे भरले की हवं तेवढं प्यायचं. काउंटरवर गोव्याची पोरगी होती. म्हणाली, "एका खोलीतल्या एकानं घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं सर."

"मी एकटाच हाय की. दुसरा माणूस वारला."

ती गोंधळली. "पण तुमच्या खोलीतले दुसरे सर मघाशीच पॅकेज घेऊन गेले. दोघांचं."

मग तिनं विचारलं,

"सर, शेंगा चटणी म्हणजे काय असतं? ते लई चिडले होते."